वरची पात

आमच्या च्याई शहरातल्या भाजीबाजारात माणसाची इभ्रत कांद्याच्या पातीवर ठरते. तुमचा हुद्दा काय, मुलगी कुठे शिकते, हे तिथे कोणी विचारत नाही. भाजी घेऊन झाली की भाजीवाली पिशवीत वरून फुकट पात खोचते का, आणि खोचलीच तर किती काड्या, एवढंच सगळे बघतात. नवीन गिऱ्हाइकाला काही नाही. तोंड उघडून मागितली तर एक, तीही मोडकी. वर्षानुवर्षं येणाऱ्यांना दोन. आणि माझी बायको पी-युन हिला, आ-शुआंगच्या गाळ्यावर, तीन. न मागता. तीन काड्यांचा मान अख्ख्या बाजारात चारच बायकांना आहे, आणि त्यातली एक देवळाच्या पुजाऱ्याची आई आहे. मागच्या वर्षी वादळानंतर पात इतकी महागली की टीव्हीवर बातमी आली, तेव्हासुद्धा पी-युनच्या पिशवीतून तीन हिरवे शेंडे बाहेर डोकावत होते. त्या दिवशी ती देवळाला वळसा घालून लांबच्या रस्त्याने घरी आली.

हे आधी सांगायचं कारण, पुढे मी जे केलं त्याचं गांभीर्य लक्षात यावं.

सुरुवात माझ्यापासून झाली. मी भूगोलाचा शिक्षक. शाळेच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ल्याव सर, तुमच्या जेवणात हिरवं काय असतं?" मी जरा विचार करून म्हणालो, "वाडग्याची कड." त्या हसल्या नाहीत. उलट त्यांनी हे वाक्य रिपोर्टवर लिहून घेतलं, आणि तो रिपोर्ट पी-युनच्या हाती पडला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ पालेभाजी सुरू झाली. सकाळी पेजेबरोबर पाला, दुपारच्या डब्यात पाला, संध्याकाळी लसणावर परतलेला पाला. माझी खाण्याला हरकत नव्हती. हरकत आणण्याला होती. पालेभाजी ही जगातली सर्वांत फसवी वस्तू आहे. बाजारातून आणताना ती उशीएवढी असते आणि कढईत आळली की मुठीएवढी होते. तीन वेळच्या तीन मुठी म्हणजे तीन उशा. त्या दोन्ही हातांत धरून मी बाजारातून निघालो की नेमका आठवीचा वर्ग समोरून सायकलींवर जायचा आणि एकसुरात "गुरुजी, नमस्कार" म्हणायचा. त्या नमस्कारात काय भरलेलं असतं ते शिक्षकालाच कळतं.

म्हणून मी ठरवलं, भाजी घरीच लावायची. बावीस वर्षं मुलांना मातीचे प्रकार शिकवतो आहे, स्वतः मातीत हात घालायला काय हरकत आहे? रताळ्याचा पाला निवडला, कारण तो लावायला अक्कल लागत नाही. वेलाचा तुकडा तोडायचा आणि मातीत खुपसायचा. उलटा खुपसला तरी येतो, असं म्हणतात. माझे बरेचसे उलटेच होते.

आमची इमारत चार मजल्यांची, बिऱ्हाडं आठ. मासळीवाल्याकडून थर्माकोलची रिकामी खोकी आणली आणि गच्चीवर मांडली. दोन दिवस बिल्डिंगभर कोळंबीचा वास होता. तिसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे चुआंग काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या नजरेने तपासतात. ते म्हणाले की त्यांच्या लहानपणी हा पाला डुकरांना घालत, पण डुकरं धष्टपुष्ट असत, तेव्हा लावायला हरकत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी घाला, असं एक म्हणे. दुसरा म्हणे, ते चुकूनही घालू नका, बिअर घाला. मी दोन्ही घातलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी व्हायोलिन ऐकवायला सांगितलं, पण ते व्हायोलिनच्या शिकवण्या घेतात, त्यामुळे तो सल्ला मी जाहिरात समजून सोडून दिला.

चौथ्या मजल्यावरून मात्र सल्ला नाही, तक्रार आली. गच्ची सामाईक आहे आणि खोक्यांचं पाणी त्यांच्या छतात मुरतं आहे. छत कोरडं ठणठणीत होतं, पण ते मुरेल अशी शक्यता मला नाकारता येईना. आठही बिऱ्हाडांच्या संमतीच्या सह्या हव्यात, असं ठरलं. मी कागद घेऊन दारोदार फिरलो. सही फुकट कोणी देत नाही, म्हणून प्रत्येकाला दर आठवड्याला एक जुडी कबूल केली. चुआंग काकांनी ते लेखी घेतलं आणि खाली "देठ कोवळे असावेत" अशी स्वतःच्या अक्षरात ओळ जोडली.

मग पाला वाढला. सुरुवातीला मी रोज गच्चीवर जाऊन नवं पान मोजायचो. जुलैत मोजणं सोडलं. जो वेल सकाळी खुडावा तो संध्याकाळी पुन्हा तितकाच. पाण्याच्या टाकीवर एक वेल चढला, दुसरा कपड्यांच्या दोरीवरून चौथ्या मजल्याच्या खिडकीत डोकावून आला. त्यावर पुन्हा तक्रार झाली.

आणि त्याच सुमारास डेंग्यूवाले आले. आमच्या वॉर्डप्रमुख शुए बाई म्हणजे कर्तव्यदक्ष बाई. केशरी जाकीट घातलेल्या चार स्वयंसेविका घेऊन त्या दर उन्हाळ्यात घरोघर साचलेलं पाणी शोधतात. माझ्या एकतीस खोक्यांखाली एकतीस ताटल्या होत्या. तीस कोरड्या निघाल्या. एकतिसाव्या ताटलीत डासाची एक अळी निघाली, आणि तीही शुए बाईंच्याच टॉर्चच्या उजेडात नाचायला लागली. जिन्यात नोटीस लागली, वर माझं नाव ठळक अक्षरात. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या सभागृहात "डास आणि आपण" या विषयावर मीच पाऊण तास बोललो होतो. नोटिशीचा फोटो काढून माझ्याच सहकाऱ्यांनी तो मला पाठवला, माहितीसाठी.

शुए बाई मनाने वाईट नाहीत. त्यांनीच वाट काढून दिली. सामाईक गच्चीवर खाजगी खोकी म्हणजे अडगळ, तिला दंड आहे. पण तीच खोकी "गल्लीची सामुदायिक परसबाग" असतील तर दंड नाही, उलट कौतुक आहे. एक फॉर्म भरायचा, तीन शिक्के घ्यायचे, एक निमंत्रक नेमायचा. अट एकच, पाला सगळ्या गल्लीला मिळाला पाहिजे. मी सही केली. दंड वाचला, नोटीस निघाली, आणि त्याच खिळ्यावर फलक लागला: सामुदायिक परसबाग, निमंत्रक ल्याव सर.

गल्लीत बेचाळीस घरं आहेत.

सुट्टीभर माझा दिवस असा जाऊ लागला: पहाटे उठून खुडायचं, जुड्या बांधायच्या आणि दाराच्या मुठीला पिशव्या अडकवत फिरायचं. दारं उघडी असली तरी पिशवी मुठीलाच अडकवायची, कारण हातात दिली तर घेणाऱ्याला नको म्हणावं लागतं, मला घ्याच म्हणावं लागतं, आणि बेचाळीस घरांशी इतकं बोलायला वेळ नव्हता. पिशवी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. कोणी चार पेरू घालून परत करी, कोणी भोपळा. लवकरच काहींनी शेजाऱ्याकडून आलेला पालाच पुढे सरकवायला सुरुवात केली. एका गुरुवारी माझ्याच दाराला एक जुडी अडकवलेली मिळाली. गाठ माझीच होती.

या सगळ्यात एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बेचाळीस घरांना पाला फुकट मिळायला लागला, तेव्हा बेचाळीस घरांनी तो विकत घेणं थांबवलं. आणि आमची गल्ली पिढ्यान्‌पिढ्या पाला घ्यायची ती आ-शुआंगकडून.

ऑगस्टच्या एका सकाळी पी-युन बाजारातून आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. पिशवीत एक मुळा होता आणि लसणाचे दोन गड्डे. मी आत पाहिलं, मग पिशवीखाली पाहिलं, मग खुर्चीखाली.

"शोधू नका," ती म्हणाली. "नाही दिली."

"एकही नाही?"

"मला म्हणाली, बाई, काय देऊ?"

इथे थोडं सांगायला हवं. मी मास्तर, म्हणून आ-शुआंग पी-युनला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून "मास्तरीणबाई" म्हणत आली आहे. एकवीस वर्षं. आमची मुलगी झाली तेव्हा तिने भाजीबरोबर बाळंतिणीसाठी आल्याचा गठ्ठा पाठवला होता. तिचा नवरा गेला तेव्हा पी-युन आठ दिवस पहाटे जाऊन गाळा लावून द्यायची. आता ती "बाई" झाली होती, रस्त्यावरून जाणारी कोणीही बाई. पी-युन रडली नाही. तिने मुळा किसायला घेतला, आणि जेवढा किसायचा त्याच्या पलीकडे, पार बोटापर्यंत किसला. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करायला जातो. तिथेच सगळं बिघडतं.

आधी सरळ मार्गाने गेलो. आ-शुआंगच्या गाळ्यावर उभा राहून मोठ्या आवाजात चार प्रकारच्या पालेभाज्या मागितल्या. ती साठीची, अंगाने किरकोळ, पण कोयता हातात असला की भलामोठा कोबी तिच्यापुढे वचकून असतो. तिने शांतपणे सांगितलं, "सर, तुमचं तर आता शेत आहे. आम्ही गरिबांनी तुम्हाला काय विकावं?" आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. गडबडीत माझ्या तोंडून निघालं, की मग पात तरी द्या, मी पैसे देतो.

फुकटच्या पातीचे पैसे विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उठून बिल मागणं. आ-शुआंगने कोयता खाली ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी घरी आलो आणि पी-युनला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

मग मी वाकडा मार्ग धरला. कोपऱ्यावरच्या एसी दुकानातून, निळी पट्टी गुंडाळलेली, धुतलेली, जाडजूड पात विकत आणली. तीन काड्या. दुसऱ्या दिवशी पी-युन बाजारातून आली, स्कूटरच्या हुकाला पिशवी तशीच ठेवून चुआंग काकांशी बोलत उभी राहिली, तेव्हा मी मागून वाकून गेलो आणि पिशवीत वरून त्या तीन काड्या खोचल्या. अगदी आ-शुआंग खोचते तशा, शेंडे बाहेर काढून. माझी कल्पना अशी, की पी-युनला वाटेल राग गेला, गल्लीला वाटेल मान परत आला, आणि पुढे आपोआप खरंच तसं होईल. चुआंग काकांनी सगळं पाहिलं. त्या दिवसापासून ते दोन जुड्या मागू लागले.

पी-युनने स्वयंपाकघरात पिशवी उघडली आणि काड्या बाहेर काढल्या. मग म्हणाली, माझं लक्ष नसताना टाकली असेल गं तिने. हे ती स्वतःशीच म्हणाली. तिने पात चिरली, आमच्याकडे सगळे करतात तशी मुळं बाजूला ठेवली आणि वर जाऊन एका खोक्याच्या कोपऱ्यात खोचून आली. त्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत होती. मी स्वतःवर इतका खूश होतो की पाल्याची दुसरी वाटी मागून घेतली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पी-युन ही उपकार अंगावर ठेवणारी बाई नव्हे, हे एकवीस वर्षांत मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अननसाच्या केकचा मोठा खोका घेऊन थेट आ-शुआंगच्या गाळ्यावर गेली आणि दहा गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, की काल आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं. पुढचं तिने मला घरी येऊन सांगितलं, उभ्यानेच. आ-शुआंगने विचारलं होतं, कसली आठवण? पी-युन म्हणाली, पात. तीन काड्या. त्यावर आ-शुआंग म्हणाली, "मी काल तुम्हाला काही दिलं नाही. द्यावी असं आलं होतं मनात, पण दिली नाही."

हे सांगून झाल्यावर पी-युनने माझ्यासमोर टेबलावर निळी पट्टी ठेवली. तिला ती आमच्याच कचऱ्याच्या डब्यात मिळाली होती.

"एकवीस वर्षांत मी जे मिळवलं," ती म्हणाली, "ते तुम्ही दुकानातून आणून पिशवीत खोचलंत."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, अळीच्या वेळीसुद्धा नाही. त्यानंतर घरात बोलणं कमी झालं आणि पाला वाढला. रोज तीन वाट्या समोर यायच्या, मीठ नसलेल्या. मी मुकाट्याने खायचो.

सप्टेंबरात वादळाचा इशारा आला. शुए बाईंचा लगेच फोन, की निमंत्रकांनी खोकी सुरक्षित स्थळी हलवावीत, एखादं उडून कुणाच्या डोक्यात बसलं तर जबाबदारी निमंत्रकांची. सामुदायिक बागेचा समुदाय त्या दिवशी आपापल्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावण्यात गुंतला होता. चार मजले, एकतीस खोकी, मी एकटा. बाराव्या खोक्याला मागून कोणीतरी दुसरी बाजू उचलली. पी-युन होती. जिना उतरताना ती "जपून" एवढं म्हणाली आणि माझे पाय हलके झाले.

दोन दिवस आम्ही शेतात राहिलो. न्हाणीघरात नऊ खोकी, पलंगावर सहा, बाकीची जिथे जागा मिळेल तिथे. पूर्वजांच्या तसबिरीसमोर दोन ठेवली होती. त्यातून एक गोगलगाय निघाली आणि सावकाश चालत माझ्या आजोबांच्या कपाळावर जाऊन बसली.

वादळ गेलं. शेतं पाण्याखाली गेली आणि पालेभाजी बाजारातून नाहीशी झाली. पात पुन्हा टीव्हीवर आली. पी-युन बाजारात जाऊन रिकाम्या हाताने परतली आणि म्हणाली, की आ-शुआंगच्या फळीवर दोन भोपळे आणि आलं आहे, बाकी फळी नुसती पुसून ठेवली आहे. ती पुढे-मागे पंखा हलवत बसली आहे, गिऱ्हाईक नाही. एवढं सांगून ती कात्री घेऊन न्हाणीघरात गेली. बराच वेळ खुडण्याचा आवाज येत होता. मग हाक आली, "चला. टोपल्या उचला."

गल्लीच्या तोंडाशी चुआंग काकांनी आम्हाला अडवलं. एवढा पाला कुठे निघाला, तो सामुदायिक आहे, लेखी आहे, समितीची परवानगी कुठे आहे? मी आयुष्यात पहिल्या आणि शेवटच्या वेळी निमंत्रकाचा अधिकार वापरला. म्हणालो, परवानगी मी दिली आहे, मला. काका स्टुलावर बसले.

आ-शुआंगच्या गाळ्यापुढे पी-युनने टोपल्या ठेवल्या. चारदोन बायका जमल्याच.

"आ-शुआंगताई, हे लावून टाका फळीवर," ती म्हणाली. "दारोदार वाटून आमचे हे दमले."

आ-शुआंगने एक देठ उचलून नखाने मोडला. कट्‌कन मोडला. तिने जुड्या फळीवर लावल्या, वरून पाण्याचा हबका मारला, आणि फळी हिरवी दिसायला लागली. मग हात पुसत, गिऱ्हाइकं रोज तिच्याशी बोलतात त्याच सुरात तिने पी-युनला विचारलं, "एवढा माल घेतेय मी तुमच्याकडून. वर पात नाही टाकत?"

बायका हसल्या. मला वाटलं, आता संपलं. पण पी-युनने टोपलीच्या तळाशी हात घातला आणि तीन हिरव्यागार काड्या काढून फळीवर ठेवल्या. खोक्याच्या कोपऱ्यात खोचलेल्या मुळांना तेवढ्या दिवसांत चांगली पात फुटली होती, आणि ती तिने कधी कापून घेतली ते मला माहीत नव्हतं.

आ-शुआंगने एक काडी नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही ती दुकानातली ना, सर?"

म्हणजे गोष्ट बाजारापर्यंत पोचली होती. मी वर बघितलं. बाजाराचं छप्पर पत्र्याचं आहे आणि तिसऱ्या खांबाजवळ गळतं, हे मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिलं. खाली बघितलं तेव्हा पी-युन हसत होती, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, आणि आ-शुआंगही. मग आ-शुआंगने आपल्या बसण्याच्या पाटाखालून ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. तिच्या बहिणीच्या शेतातली पात, बारीक, लांब पांढऱ्या दांड्याची. त्या दिवशी बाजारात कुणाकडेही नव्हती. तिने पी-युनच्या पिशवीत एक खोचली. दोन. तीन. जरा थांबली, आणि चौथी.

"उन्हाचं जपून जा, मास्तरीणबाई."

चार काड्यांचा दाखला बाजारात कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी आम्ही देवळाला वळसा घालून तर आलोच, पण शाळेवरूनही आलो, स्टेशनवरूनही आलो. मी मागे दोन रिकाम्या टोपल्या घेऊन चालत होतो. समोरून आठवीचा वर्ग सायकलींवर आला. मी त्यांच्याआधीच नमस्कार केला.

तेव्हापासूनची व्यवस्था अशी. पाला बाजारातून का होईना सगळ्या गल्लीला मिळतो, म्हणून शुए बाईंनी दंडाशिवाय फलक उतरवू दिला. दारोदार वाटणं बंद झालं, चुआंग काकांच्या दोन जुड्या तेवढ्या चालू आहेत, कारण एक लेखी आहे आणि दुसरीची त्यांना सवय झाली आहे. सकाळी सहाला मी गच्चीवरचा पाला खुडून आ-शुआंगच्या गाळ्यावर पोचवतो. त्याबद्दल काही घेत नाही. सात वाजता, माझ्या शाळेच्या आधी, पी-युन बाजारात जाते आणि त्यातलाच पाला पूर्ण भावाने विकत घेते. माझ्याच जुड्या उलटसुलट करून बघते, पानाला भोकं आहेत म्हणून नाक मुरडते, आणि आ-शुआंग म्हणते, काय करणार मास्तरीणबाई, पिकवणारा नवशिका आहे. मी शेजारी पिशवी उघडी धरून उभा असतो आणि वर किती काड्या पडतात ते मोजतो.